आकडा तोच, रंग वेगळा!



पदार्थविज्ञानाच्या उत्तरपत्रिका तपासताना आम्हां शिक्षकांची लाल पेन्सिल एका चुकीवर हमखास थांबते. उत्तर बरोबर असते, पण पुढे एकक लिहिलेले नसते. '२५' म्हणजे काय? २५ मीटर, २५ सेकंद की २५ ज्यूल? एककाविना आकडा मुका असतो, हे मी गेली वीस वर्षे वर्गात सांगत आलो आहे. तरीही नेमक्या याच बाबतीत मी स्वतः एकदा चुकलो. आज ती गोष्ट तुम्हांला सांगतो.

अकरावीतल्या एका विद्यार्थिनीने प्रकल्पासाठी गावातील विहिरींच्या पाण्याचा सामू मोजला. वैश्विक दर्शकाची कागदपट्टी पाण्यात बुडवायची आणि तिचा रंग छापील तक्त्याशी ताडून पाहायचा, अशी ही सोपी रीत आहे. वाळल्यावर पट्टीचा रंग बदलतो, म्हणून तिने काकांच्या कॅमेऱ्याने प्रत्येक पट्टीचे लगेच छायाचित्र घेतले. एका विहिरीपुढे तिने सामू ७ लिहिला होता. मी ते छायाचित्र माझ्या संगणकावर उघडले आणि तक्ता शेजारी धरला. पट्टी पिवळसर हिरवी दिसत होती, म्हणजे सामू ६! निरीक्षण चुकले असे समजून मी गुण कापले.

"सर, आमच्या घरी हे छायाचित्र चांगले हिरवे दिसते," ती म्हणाली. मला ते खरे वाटले नाही. फाइल तीच, एक बिटही इकडचा तिकडे झालेला नाही, मग रंग कसा बदलेल? पण दुसऱ्या दिवशी तीच फाइल मी एका वेगळ्या आज्ञावलीत उघडली आणि पट्टी खरोखरच हिरवी दिसली! असे का बरे व्हावे?

यासाठी छायाचित्रात काय साठवलेले असते ते पाहू या. १८६१ साली लंडनमध्ये जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी एक प्रयोग दाखवला. एका रंगीत फितीची तीन छायाचित्रे लाल, हिरव्या व निळ्या गाळण्यांतून घेतलेली होती. ती त्याच रंगांच्या प्रकाशात पडद्यावर एकावर एक टाकताच रंगीत फीत दिसू लागली. तुमच्या मोबाइलचा पडदा आजही याच तत्त्वावर चालतो. चित्रातील प्रत्येक ठिपक्यासाठी, म्हणजे पिक्सेलसाठी, तीन आकडे साठवतात: लाल किती, हिरवा किती, निळा किती. प्रत्येक आकडा सामान्यतः ० ते २५५ यांमधला असतो. म्हणजे एकूण १,६७,७७,२१६ रंग लिहिता येतात.

म्हणजेच फाइलमध्ये रंग नसतो, तर फक्त आकडे असतात. 'हिरवा २५५' म्हणजे 'हिरवा जास्तीत जास्त'. पण कोणता हिरवा? पोपटाच्या पंखासारखा की कडुनिंबाच्या पानासारखा? हे आकड्यात कुठेच लिहिलेले नाही.

ब्रिटिश अमदानीत मुंबईचा मण सुमारे २८ पौंडांचा, तर बंगालचा सुमारे ८२ पौंडांचा होता. 'दोन मण धान्य' असे नुसते लिहून पाठवले तर केवढा घोटाळा होईल! १९५६ च्या कायद्याने देशभर मेट्रिक वजनमापे आणण्याचे ठरले, ते उगीच नव्हे.

रंगांच्या बाबतीतही असेच मापांचे प्रमाणीकरण करावे लागले. राइट आणि गिल्ड या दोघा इंग्रज शास्त्रज्ञांनी १९२० च्या दशकात एकूण १७ माणसांच्या डोळ्यांवर रंग जुळवण्याचे प्रयोग केले. त्यांच्या आधारे १९३१ साली आंतरराष्ट्रीय प्रदीपन आयोगाने कोणताही रंग मोजण्याची पद्धत ठरवून दिली. पुढे संगणक आले. १९९६ मध्ये 'एसआरजीबी' हे माप सुचवण्यात आले आणि १९९९ मध्ये ते आंतरराष्ट्रीय मानक झाले. १९९८ मध्ये 'अ‍ॅडोबी आरजीबी' हे दुसरे माप आले. यात मूळ हिरवा अधिक गडद धरलेला आहे. त्यामुळे एकच रंग या दोन मापांत निरनिराळ्या आकड्यांनी लिहावा लागतो. एसआरजीबीतील शुद्ध हिरवा (०, २५५, ०) घ्या. तोच रंग अ‍ॅडोबी आरजीबीत सुमारे (१४४, २५५, ६०) असा लिहितात.

आता कोडे सुटते. काकांचा कॅमेरा अ‍ॅडोबी आरजीबीवर लावलेला होता. कोणते माप वापरले आहे ही माहिती फाइलमध्येच एका छोट्या नोंदीत असते. तिला 'प्रोफाइल' म्हणतात. हेच छायाचित्राचे एकक! मुलीच्या घरची आज्ञावली ही नोंद वाचून आकड्यांचे रूपांतर करत होती. माझी आज्ञावली ती न वाचताच आकडे जसेच्या तसे पडद्याकडे पाठवत होती. हिरव्यासाठी लिहिलेल्या आकड्यांत लाल १४४ आहे. लाल आणि हिरवा प्रकाश मिसळला की पिवळा होतो, हे तुम्हांला माहीत आहेच. म्हणून माझी पट्टी पिवळसर झाली!

संकेतस्थळांवरही असेच घडू शकते. फाइल लहान करण्यासाठी काही संकेतस्थळे अशा नोंदी काढून टाकतात. आधी एसआरजीबीत रूपांतर करून मग नोंद काढली तर फारसे बिघडत नाही. रूपांतर न करता काढली तर मात्र पुढचा वाचक एसआरजीबीच धरून चालतो आणि रंग फिके पडतात.

उजेडाचेही असेच आहे. १२८ हा आकडा २५५ च्या निम्मा असला तरी पडद्यावर निम्मा प्रकाश पडत नाही, सुमारे २२ टक्केच पडतो. पूर्वी मॅक संगणकांवर वेगळा नियम होता आणि त्याप्रमाणे हाच प्रकाश सुमारे २९ टक्के येई. त्यामुळे तिथे उजळ दिसणारे चित्र इतर संगणकांवर काळवंडत असे. २००९ मध्ये मॅकनेही आपला नियम बदलला.

याशिवाय प्रत्येक पडद्याचा स्वभाव वेगळा असतो. त्यातच रात्री डोळ्यांना त्रास होऊ नये म्हणून पडदा पिवळसर करण्याची सोय चालू राहिली असेल, तर पाहायलाच नको!

आता एक प्रयोग करून पाहा. मोबाइलवर पांढरे पान उघडा. बोटाने पाण्याचा अगदी बारीक थेंब पडद्यावर ठेवा. थेंब बहिर्गोल भिंगाचे काम करील आणि पांढऱ्या पानात लाल, हिरवे, निळे ठिपके दिसू लागतील. मग पडदा लगेच पुसून टाका. त्यानंतर दोन निरनिराळ्या मोबाइलवर एकच छायाचित्र शेजारी शेजारी ठेवून फरक नोंदवा.

प्रकल्पासाठी रंगाचे छायाचित्र घ्यायचे असेल, तर एक युक्ती लक्षात ठेवा. पट्टीच्या शेजारीच रंगांचा तक्ता ठेवून दोन्हींचे एकाच उजेडात, एकाच छायाचित्रात चित्र घ्या. मग पडद्यावर रंग बदललेच, तर पट्टीचे आणि तक्त्याचे बरोबरच बदलतील आणि तुलना बिघडणार नाही. ही सूचना मी मुलांना आधीच द्यायला हवी होती.

त्या मुलीचे गुण मी परत दिलेच, शिवाय वर्गासमोर माझी चूकही सांगितली. ती हसून म्हणाली, "सर, एकक राहिलं होतं!"