शेतमालासाठी पिकअप गाडीची निवड : टिकाऊपणाचा आणि मोलाचा हिशेब

शेतमाल पिकविणे जितके कष्टाचे, तितकेच तो वेळेवर व सुस्थितीत बाजारपेठेत पोहोचविणे जिकिरीचे असते. कांदा चाळीत काही महिने थांबू शकतो. परंतु रंग धरलेला टोमॅटो, पालेभाजी, फुले व दूध यांना थांबणे ठाऊक नसते. यास्तव भाजीपाला पिकविणाऱ्या गावांत स्वतःची पिकअप गाडी असावी, असे पुष्कळ शेतकऱ्यांना वाटू लागले आहे. वाटणे गैर नाही. तथापि गाडी ही बैलजोडीसारखी शेतात उपजत नाही. ती कर्ज काढून घ्यावी लागते आणि त्या कर्जाचा हप्ता पीक बुडाले तरी चुकत नाही. म्हणून गाडीची निवड शेजाऱ्याचे पाहून अथवा विक्रेत्याचे ऐकून न करता हिशेबाने करणे अगत्याचे आहे.

या हिशेबाचे मुख्य सूत्र असे की, दुकानात सांगितलेली किंमत ही गाडीची खरी किंमत नव्हे. एक खेप बाजारात पोहोचविण्यास एकूण किती खर्च आला, आणि हंगामात गाडी किती दिवस उभी राहिली, या दोन गोष्टींवरच तिचे खरे मोल ठरते.

प्रथम घ्यावी की भाड्याने आणावी ते ठरवावे

पिंपळगाव बसवंत ते वाशीची बाजारपेठ हे अंतर सुमारे २०० किलोमीटर आहे. जाऊन-येऊन ४०० किलोमीटरची खेप धरून एक उदाहरण पाहू. यातील दर केवळ हिशेबापुरते धरले आहेत. प्रत्येकाने तेथे आपल्या गावचे दर घालावेत.

आठ लाख रुपये कर्ज दरसाल १० टक्के व्याजाने ५ वर्षांसाठी काढल्यास मासिक हप्ता सुमारे १७,००० रुपये, म्हणजे वर्षाला २,०४,००० रुपये होतो. विमा, योग्यता प्रमाणपत्र व इतर ठरावीक खर्च ४६,००० रुपये धरल्यास एकूण अडीच लाख रुपये गाडी दारात उभी असली तरी द्यावेच लागतात. पदरचे भरलेले पैसे व पुढे गाडी विकून येणारी रक्कम येथे एकमेकांसमोर सोडून दिली आहे.

आता प्रत्यक्ष खेपेचा खर्च. गाडी लिटरला १३ किलोमीटर धावली व डिझेल ९० रुपये लिटर असले तर इंधनास सुमारे २,७७० रुपये लागतात. पथकर ५०० रुपये, चालकास १,००० रुपये, टायर व देखभाल ८०० रुपये मिळून खेपेचा खर्च ५,०७० रुपये येतो. हीच खेप भाड्याच्या गाडीने ७,५०० रुपयांत होत असेल, तर प्रत्येक खेपेमागे २,४३० रुपये वाचतात. अडीच लाखांचा ठरावीक खर्च भरून निघण्यास वर्षाला सुमारे १०३ खेपा झाल्या पाहिजेत.

ज्या शेतकऱ्याच्या ७२ खेपा होतात, त्याला घरची गाडी खेपेस ८,५४० रुपयांना पडेल. म्हणजे भाड्याची गाडीच त्यास स्वस्त. ज्याच्या १५० खेपा होतात, त्याला ती ६,७४० रुपयांना पडेल. यावरून दिसून येईल की, एकट्याच्या मालाला गाडी परवडत नसेल तर चार-पाच शेतकऱ्यांनी अथवा शेतकरी उत्पादक कंपनीने मिळून ती घेणे अधिक हितावह ठरते.

भार किती, हे आधी मोजावे

गाडीच्या नावातील अंकावरून तिची भारक्षमता ठरवू नये. टाटा योद्धा २.० या नावातील अंक दोन टन भारक्षमता दर्शवितो. परंतु इंट्रा व्ही३० मधील तिसाचा तीन टनांशी काही संबंध नाही. नोंदणी पुस्तकात लिहिलेल्या एकूण वजनातून रिकाम्या गाडीचे वजन वजा केले असता उरतो तोच कायदेशीर भार. हौद्यावर लोखंडी जाळी, ताडपत्रीचा सांगाडा किंवा फळ्या बसविल्यास तेवढा भार कमी होतो, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही.

२० किलो टोमॅटोचे ८० क्रेट म्हणजे १,६०० किलो माल. रिकामा क्रेट पावणेदोन किलोचा धरला तर क्रेटांचेच १४० किलो होतात. एकूण भार १,७४० किलो झाला. म्हणजे १,७०० किलोच्या गाडीत तो बसत नाही. अधिक भाराने मागील पाटे बसतात, टायर लवकर झिजतात आणि कसारा घाट उतरताना ब्रेक तापून निकामी होण्याचा धोका असतो. शिवाय मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनुसार जादा भारासाठी २०,००० रुपये व वरच्या प्रत्येक टनास २,००० रुपये दंड आहे. एका दंडात आठ खेपांची बचत जाते.

उलटपक्षी, घरचा माल नेहमी सात-आठशे किलोच असेल तर मोठी गाडी घेऊन रिकामा हौदा फिरविणे हेही नुकसानीचेच. अशा ठिकाणी २००५ साली बाजारात आलेली व खेड्यापाड्यांत ‘छोटा हत्ती’ म्हणून ओळखली जाणारी टाटा एस किंवा तिच्या जातीची लहान गाडी पुरेशी होते.

एकूण वजन ३,००० किलोपेक्षा अधिक नसलेल्या मालवाहू गाडीस परवाना लागत नाही, हीही एक सवलत ध्यानात घ्यावी. चालकाच्या अनुज्ञप्तीविषयी पूर्वी गोंधळ होता. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये असे स्पष्ट केले की, हलक्या वाहनाची अनुज्ञप्ती असणारा चालक ७,५०० किलोपर्यंत एकूण वजनाची मालवाहू गाडी चालवू शकतो.

टिकाऊपणा कसा ओळखावा

महिंद्रा बोलेरो पिकअप, टाटा योद्धा व इंट्रा, अशोक लेलँड दोस्त व बडा दोस्त या गाड्या शेतमाल वाहतुकीसाठी सर्रास वापरल्या जातात. यांपैकी अमुक एक सर्वांना उत्तम, असे म्हणता येत नाही. जी गाडी एका तालुक्यात निर्धोक चालते, तीच दुसऱ्या तालुक्यात सुटा भाग मिळण्यास आठ दिवस लागल्याने तोट्यात जाते. टिकाऊपणा हा केवळ कारखान्यात तयार होत नाही. जवळचा मिस्त्री व सुट्या भागांचे दुकान मिळून तो पुरा होतो.

टोयोटाच्या हायलक्स गाडीचे उदाहरण या बाबतीत बोधप्रद आहे. १९६८ पासून जगभर चालणारी ही गाडी तिच्या दणकटपणाबद्दल प्रसिद्ध आहे. भारतात ती २०२२ मध्ये विक्रीस आली, तेव्हा तिची किंमत ३३ लाखांच्या वर होती आणि दोन ओळींच्या बैठकीमुळे मागे हौदा लहान राहिला. गाडी टिकाऊ असली तरी भाजीच्या खेपेला ते मोल परवडणारे नाही. टिकाऊपणा आणि मोल या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत, हे यावरून कळून येईल.

खरेदीपूर्वी आपल्याच भागात ती गाडी किमान एक लाख किलोमीटर चालविलेल्या पाच मालकांना तीन प्रश्न विचारावेत. गेल्या वर्षी गाडी एकूण किती दिवस उभी राहिली? कोणता भाग बिघडला? तो भाग किती दिवसांत व किती रुपयांत मिळाला? ‘गाडी चांगली आहे’ या उत्तरावर समाधान मानू नये. दिवस मोजून घ्यावेत.

एका उभ्या दिवसाचे मोलही काढून ठेवावे. तोडणी झालेले ८० क्रेट एक दिवस अडकले आणि दुसऱ्या दिवशी लिलावात क्रेटमागे ६० रुपये कमी मिळाले, तर ४,८०० रुपये गेले. भाड्याची गाडी ऐनवेळी मिळालीच तर तिचे भाडे अधिक पडते. हंगामात असे पाच दिवस वाचविणारी गाडी सुरुवातीस थोडी महाग असली तरी ती महाग नव्हे.

इंधनाची बाबही अशीच. लिटरला १३ ऐवजी ११ किलोमीटर देणारी गाडी वरील खेपेस सुमारे ५०० रुपये अधिक जाळते. वर्षाला ७२ खेपा झाल्या तर ३६,००० रुपये, आणि पाच वर्षांत १ लाख ८० हजार रुपये. विक्रेत्याने दिलेली ३० हजारांची सूट याच्यापुढे कितीशी?

आजच्या इंजिनांची निगा

१ एप्रिल २०२० पासून नव्या गाड्यांना भारत स्टेज-६ ची प्रदूषण मानके लागू झाली. अशा डिझेल गाड्यांत धुरातील काजळी अडविणारी गाळणी असते. इंजिन चांगले तापून काही वेळ सलग चालले म्हणजे ही काजळी आपोआप जळून जाते. परंतु शेत ते गाव अशा दोन-तीन किलोमीटरच्याच फेऱ्या रोज होत राहिल्या तर गाळणी तुंबते. म्हणून अशा गाडीस अधूनमधून मोठ्या रस्त्यावर सलग चालवावे व सूचनेचा दिवा लागल्यास दुर्लक्ष करू नये.

काही गाड्यांत डिझेलखेरीज युरियाचे द्रावण निराळ्या टाकीत भरावे लागते. हे द्रावण ३२.५ टक्के शुद्ध युरिया व क्षाररहित पाणी यांचे असते. शेतीचा युरिया विहिरीच्या पाण्यात विरघळवून ते घरी करण्याचा मोह कदापि धरू नये. २०१५ पासून शेतीच्या युरियास कडुनिंबाचे लेपन सक्तीचे आहे. ते लेपन व पाण्यातील क्षार यांमुळे महागडी यंत्रणा निकामी होते. शिवाय अनुदानित युरियाचा असा वापर नियमबाह्य आहे.

चारही चाकांना ओढ देणारी गाडी काळ्या मातीच्या पाणंद रस्त्यावर पावसाळ्यात उपयोगी पडते. तथापि तिची किंमत, वजन व इंधन अधिक. वर्षातून दहाच दिवस चिखलाची अडचण असेल तर माल डांबरी रस्त्यापर्यंत ट्रॅक्टरने आणणे स्वस्त पडते.

जुनी गाडी घेताना

सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू गाड्यांवरील वस्तू व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्के करण्यात आला. त्यामुळे जुनी गाडी घेताना तिची किंमत जुन्या दराशी नव्हे, तर नव्या गाडीच्या आजच्या दराशी ताडून पाहावी. पूर्वीच्या कर्जाचा बोजा नोंदणी पुस्तकावरून उतरला आहे काय, थकलेले दंड आहेत काय आणि सांगाड्यावरील क्रमांक जुळतो काय, हे तपासावे. योग्यता प्रमाणपत्र गाडीची पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी व नंतर दरवर्षी नवे करावे लागते. म्हणून आठ वर्षांवरील गाडीस हा खर्च वाढतो. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जळत असल्याची खूण होय. सांगाड्यास वेल्डिंगचे ठिगळ दिसल्यास ती गाडी जादा भाराने राबली आहे, असे समजून मिस्त्रीकडून तपासून घ्यावी.

गावपातळीवरील विस्तार कार्यकर्त्यांनी आपल्या गावातील पिकअप गाड्यांची एक साधी वही ठेवावी. गाडीचा प्रकार, वर्षभरातील खेपा, इंधन, दुरुस्ती आणि उभे राहिलेले दिवस एवढ्या पाच रकान्यांची नोंद पुरेशी आहे. दोन वर्षांची अशी वही ग्रामसभेत वाचून दाखविली तर कोणत्याही जाहिरातीपेक्षा ती गावास अधिक उपयोगी पडेल, आणि गाडीच्या हप्त्यापायी कोणाची जमीन गहाण पडण्याची वेळ टळेल.