व्याजाच्या आमिषापासून पोलिसांच्या धाकापर्यंत

२३ सप्टेंबर २०१९ रोजी रिझर्व्ह बँकेने पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध घातले आणि मुंबईतल्या शाखांकडे ठेवीदारांनी धाव घेतली. सहा महिन्यांत खात्यातून फक्त एक हजार रुपये काढता येतील, असं त्यांना ऐकवण्यात आलं. मर्यादा पुढे टप्प्याटप्प्याने वाढली. पण ज्यांचा किराणा आणि औषधं ठेवींच्या व्याजावरच चालत होती, त्यांचे हाल कुत्रं खात नव्हतं.

पुण्यात रुपी बँकेच्या ठेवीदारांनी हे फार काळ सोसलं. निर्बंध आले फेब्रुवारी २०१३ मध्ये, परवाना रद्द झाला सप्टेंबर २०२२ मध्ये. साठीत निवृत्त झालेला माणूस तोवर सत्तरीला टेकला होता. अशा वेळी ‘जादा व्याजाचा हव्यास नडला’ असं सर्रास म्हटलं जायचं. ते अन्यायाचं होतं. आपल्याच पेठेतल्या बँकेत फंडाचे पैसे ठेवणं याला हव्यास कसा म्हणायचा?

१९९३ पासून एक लाखावर अडकलेला ठेव विमा फेब्रुवारी २०२० मध्ये पाच लाखांवर गेला. निर्बंध लागल्यावर नव्वद दिवसांत विम्याचे पैसे देण्याची तरतूद २०२१ मध्ये झाली.

दरम्यान लुबाडणाऱ्यांनी नवी वाट धरली. आमिषाची जागा धाकाने घेतली.

ऑगस्ट २०२४ मध्ये लुधियानाचे उद्योगपती एस. पी. ओसवाल या सापळ्यात अडकले. वय ८२, उभं आयुष्य व्यवहारात गेलेलं. सीबीआयचे अधिकारी असल्याची बतावणी करणाऱ्यांनी त्यांना मनी लाँडरिंगच्या प्रकरणात गोवल्याचं सांगितलं, झोपतानाही फोनचा कॅमेरा चालू ठेवायला लावला आणि व्हिडिओ कॉलवर चक्क सर्वोच्च न्यायालयाची खोटी सुनावणी घडवली. सात कोटी गेले. पोलिसांनी सव्वापाच कोटी परत मिळवले, हे नशीब सगळ्यांच्या वाट्याला येत नाही. कॅमेऱ्यासमोर असं नजरकैदेत ठेवणारी ‘डिजिटल अरेस्ट’ कायद्यातच नाही, हे त्या ऑक्टोबरमध्ये पंतप्रधानांना ‘मन की बात’मधून सांगावं लागलं.

मधल्या काळात सायबर फसवणुकीसाठी १९३० या क्रमांकाची हेल्पलाइन आली. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी ते गोठवता यावेत, यासाठी ती आहे; तिथे तास नव्हे, मिनिटं मोजावी लागतात. पण रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या नियमांनी ग्राहकाला संरक्षण दिलं ते त्याच्या संमतीविना झालेल्या व्यवहारांत. धाकाखाली का होईना, स्वतःच्या हाताने पैसे पाठवणारे आजी-आजोबा त्यातून निसटतात. माझ्या मते सगळ्यात मोठं भोक इथेच आहे.

ते बुजवता येतं, हे हैदराबादच्या स्टेट बँकेच्या एका शाखेत दिसलं. नोव्हेंबर २०२४ मध्ये अशाच धाकाखाली एक ज्येष्ठ डॉक्टर मुदत ठेव मोडायला आले. घाबरलेला चेहरा, विचारलं तर उडवाउडवीची उत्तरं. कर्मचाऱ्यांनी ‘पत्नीला घेऊन या’ म्हणत वेळ काढला. तेरा लाख वाचले. अशी चौकशी एखाद्या जागरूक कर्मचाऱ्याच्या मर्जीवर सोडता कामा नये. एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठाची मोठी ठेव मोडताना ती सक्तीची हवी.

सप्टेंबर २०२५ मध्ये अंबाल्याच्या ७३ वर्षांच्या महिलेने सरन्यायाधीशांना पत्र लिहिलं: न्यायालयाचेच बनावट आदेश दाखवून तिला एक कोटीहून अधिक रुपयांना फसवण्यात आलं होतं. ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. १ डिसेंबरला देशभरातल्या अशा प्रकरणांचा तपास सीबीआयकडे सोपवताना, हा पैसा फिरवण्यासाठी वापरलेल्या खात्यांमागे बँक कर्मचाऱ्यांचा हात आहे का, हेही तपासण्याची मोकळीक दिली.