हिमालयाआधीचा कातळ

तुम्ही पोरं सुट्टीत मनालीला जाऊन आलात, बियास बघितलीत, आणि आता म्हणता, "आजोबा, आपल्या शिरूरला कसली दरी? नुसता माळ." बसा मग जरा. तू पण बस गं.

आपण राहतो तेही नदीचं खोरंच आहे. पसरट आहे, म्हणून तुमच्या नजरेत भरत नाही, एवढंच. पश्चिमेला सह्याद्री. तिथे भीमाशंकरला भीमा निघते, आंबेगावच्या डोंगरात घोड, जुन्नरच्या अंगाला कुकडी. त्या कड्यांवर पाऊस हजारो मिलिमीटर पडतो. आपल्याकडे पाचशे-सहाशे झाला तरी आपण म्हणतो, यंदा बरं पिकेल. ढग घाटमाथ्यावरच रिते होतात. म्हणजे आपल्या नद्या वाहतात त्या दुसऱ्याच्या पावसावर. बियासला उन्हाळ्यातसुद्धा वितळणाऱ्या बर्फाचं पाणी मिळतं. कुकडीला फक्त पावसाळा. जे करायचं ते तिनं तेवढ्यात उरकायचं.

आणि काय केलंय म्हणता! टाकळी हाजीला गेलात की मळगंगेच्या देवळापाशी नदीचं पात्र एकदम अरुंद होतं आणि काळ्या कातळात खड्डेच खड्डे दिसतात. गोल, गुळगुळीत, कमरेएवढे, काही पुरुषभर खोल, काही त्याहून किती तरी. रांजणखळगे. कुणी म्हणेल पाथरवटांनी कोरले. पाथरवट तिथे आलेच नाहीत.

हत्यार होतं गोटा आणि वाळू. पूर येतो तेव्हा अरुंद जागेत पाण्याचा वेग वाढतो आणि जागोजागी भोवरे धरतात. कातळात कुठे चीर असते, कुठे लाव्हा थिजताना वाफेचा बुडबुडा अडकून राहिलेली पोकळी असते. त्या खळीत एखादा गोटा अडकतो. डेऱ्यात रवी फिरावी तसा भोवरा त्याला गरागरा फिरवतो. गोटा खडक घासतो, खडक गोट्याला घासतो. गोटा झिजून संपतो, तोवर पुढच्या पुरानं दुसरा आणून टाकलेला असतो. असं हजारो वर्षं. खड्डा खोल होत जातो, शेजारच्या खड्ड्यामधली भिंत पातळ होते, एक दिवस फुटते, आणि दोन रांजणांचा एक होतो. सगळे एकमेकांना मिळाले की नदीला खोल घळ मिळते. कुकडीचं काम अजून चालू आहे. आता तिच्यावर वर माणिकडोह आहे, येडगाव आहे, त्यामुळे पूर पूर्वीसारखा मोकळा सुटत नाही, हेही खरं.

आता नवल ऐका. हा कातळ हिमालयाहून जुना आहे. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून लाव्हा बाहेर आला, थरावर थर साचले, आणि आपलं दख्खन तयार झालं. तेव्हा हिंदुस्थानचा तुकडा आशियाला लागलेलाही नव्हता. आज हिंदी महासागरात रीयुनियन बेट आहे ना, त्या जागेवरून तो उत्तरेकडे सरकत होता. तो जाऊन आशियाला धडकला सुमारे 5 कोटी वर्षांपूर्वी, आणि तिथून पुढे हिमालय उचलला गेला. तुम्ही मनालीला जे डोंगर मान वर करून पाहिलेत, ते उभे राहण्याआधी टाकळी हाजीचा दगड थिजून गार झालेला होता.

पण नदीची करामत दगडावर थांबत नाही, तिनं कचेऱ्यासुद्धा वाटून दिल्यात. त्या खळग्यांच्या अलीकडे टाकळी हाजी, तालुका शिरूर, जिल्हा पुणे. पलीकडच्या काठावर निघोज, तालुका पारनेर, जिल्हा अहिल्यानगर. झुलत्या पुलावरून चार पावलं टाकली की तहसीलदार वेगळा, पंचायत समिती वेगळी, जिल्हा परिषद वेगळी. देवी मात्र दोन्ही काठांची एकच. पुढे कुकडी घोडनदीला मिळते. घोडनदीच्या काठी आपलं शिरूर, तिथे नगरपरिषद. जुनी माणसं गावालाच घोडनदी म्हणतात. घोड भीमेत जाते. त्या भीमेनं शिरूर आणि दौंड हे तालुके एकमेकांपासून अलग केलेत, आणि तिच्याच काठावर दौंड शहर आहे, आगगाडीचं जंक्शन, तिथेही नगरपरिषद. पूर्वी हा सगळा मुलूख भीमथडी. इथली घोडी मराठ्यांच्या फौजेत नावाजलेली होती. उसाचे फड आणि त्यातले बिबटे हे पुढचं, कालव्याचं पाणी आल्यानंतरचं.

पाणी कुणाला किती, हे आता नदी ठरवत नाही. कुकडीचं आवर्तन कधी सोडायचं ते कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत ठरतं, आणि तिथे पुणे, अहिल्यानगर, सोलापूर तिन्हीकडची माणसं भांडतात. भांडू देत. माझा राग वेगळ्यावर आहे. घोड आणि भीमेच्या पात्रातली वाळू लोकांनी रात्रीतून ट्रक भरून उपसली. ती वाळू पुराचं पाणी धरून ठेवते, काठच्या विहिरींना पुरवते. पुलाच्या पायाजवळून उपसली तर पूलही धोक्यात येतो.

खळगे बघायला जाल तर हिवाळ्यात जा, पावसाळ्यात नको, आणि काठावर उभे राहून फोटो काढू नका. तो दगड गुळगुळीत आहे, पाय घसरला तर धरायला काही नाही. आणि मोठे झालात की 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर, या दिवसांना ग्रामसभा असते तिथे जाऊन बसा. आपल्या हद्दीतली वाळू कुणी उचलली, कुणाच्या परवानगीनं उचलली, हे सरपंचाला आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्याला उभं राहून विचारा, आणि उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या.