अमेरिकेत मुलांकडे येणाऱ्या आईवडिलांचा आरोग्यविमा : गैरसमज आणि वस्तुस्थिती
भारतातून अमेरिकेतील मुलांकडे काही महिन्यांसाठी येणारे आईवडील बहुधा बी-२ या पर्यटक व्हिसावर येतात आणि विमानतळावरील अधिकारी त्यांना सामान्यतः सहा महिन्यांपर्यंत राहण्याची मुभा देतो. या व्हिसासाठी आरोग्यविम्याची अट नाही. शेंगेन गटातील युरोपीय देशांच्या अल्पकालीन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचे वैद्यकीय संरक्षण दाखवावे लागते, कॅनडाच्या सुपर व्हिसासाठी किमान १,००,००० कॅनेडियन डॉलरचा आणि निदान वर्षभर चालणारा विमा लागतो. अमेरिकेने अशी सक्ती केलेली नसल्यामुळे तेथे विम्यावाचूनही भागेल, असा समज पुण्या-नागपुरातील घरांत जसा आढळतो, तसा न्यू जर्सीतील मराठी घरांतही आढळतो. वास्तविक वैद्यकीय उपचार अतिशय महाग असलेल्या देशांत अमेरिकेचा क्रमांक वरचा आहे, आणि सक्ती नसल्यामुळे ती जोखीम सरकारने नव्हे, कुटुंबानेच ओळखायची असते.

मुलाच्या किंवा मुलीच्या कंपनीने दिलेल्या आरोग्यविम्यात आईवडिलांचे नाव घालता येईल, ही अपेक्षा भारतातील अनुभवातून येते, कारण येथील अनेक कंपन्यांच्या सामूहिक मेडिक्लेममध्ये आईवडिलांचा समावेश असतो. अमेरिकेतील कंपन्यांचे विमे बहुतेक सर्व ठिकाणी जोडीदार आणि मुले यांच्यापुरतेच असतात. ज्येष्ठांसाठीची सरकारी योजना, म्हणजे मेडिकेअर, हीदेखील पाहुण्यांसाठी नाही. वयाच्या ६५व्या वर्षापासून ती नागरिकांना आणि सलग पाच वर्षे वास्तव्य केलेल्या ग्रीन कार्डधारकांना खुली होते. भारतातील घरगुती मेडिक्लेम पॉलिसी कितीही जुनी असली, तरी तिचे संरक्षण सहसा देशातील उपचारांपुरते असते.

तातडीच्या वेळी अमेरिकी रुग्णालय कोणालाही परत पाठवू शकत नाही, हे खरे आहे. परंतु त्यावरून उपचार फुकट होतात असे मानणे चूक आहे. १९८६च्या एका संघराज्यीय कायद्यानुसार मेडिकेअरमध्ये सहभागी असलेल्या रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागाला, रुग्णाची पैसे भरण्याची ऐपत न पाहता, त्याची तपासणी करून प्रकृती स्थिर करावी लागते. बिल माफ करण्याचे बंधन मात्र हा कायदा घालत नाही आणि प्रकृती स्थिर झाल्यानंतरच्या उपचारांची हमीही देत नाही.

अशा प्रवासासाठी जो विमा मिळतो त्याला तेथे व्हिजिटर्स इन्शुरन्स म्हणतात, आणि सर्वांत खोल गैरसमज त्याच्या स्वरूपाविषयी आहे. तो आरोग्यविम्यासारखा वाटत असला, तरी प्रवासकाळात नव्याने उद्भवणाऱ्या आजाराचा आणि अपघाताचा करार आहे. नेहमीची तपासणी, रक्तदाबाच्या गोळ्या, दातांची किंवा चष्म्याची कामे त्यात सहसा बसत नाहीत. अमेरिकेत स्थिरावलेल्या मुलांची येथे विशेष फसगत होते, कारण तेथील आरोग्यसुधारणा कायद्यामुळे २०१४पासून नेहमीच्या आरोग्यविम्याला जुन्या आजाराच्या कारणावरून संरक्षण नाकारता येत नाही आणि हाच नियम पाहुण्यांच्या विम्यालाही लागू असेल, असे ते गृहीत धरतात. तो लागू नाही.

त्यामुळे साठी-सत्तरीतील प्रवाशाच्या पॉलिसीत सर्वांत आधी वाचायची व्याख्या पूर्वव्याधीची, म्हणजे पॉलिसी सुरू होण्यापूर्वीपासून असलेल्या आजाराची असते. ही व्याख्या बहुधा अपेक्षेपेक्षा व्यापक असते: निदान झालेले नसले तरी लक्षणे दिसत होती, किंवा एखादे औषध चालू होते, एवढ्यावरही आजार पूर्वव्याधी ठरू शकतो. अनेक सर्वसमावेशक योजना पूर्वव्याधीच्या आकस्मिक उद्रेकाला संरक्षण देतात आणि जाहिरातीत हेच शब्द ठळक असतात; त्यांचा करारातील अर्थ मात्र अरुंद आहे. उद्रेक अचानक, कोणतीही पूर्वसूचना न देता झालेला असावा, आणि साधारणपणे २४ तासांच्या आत उपचार घेतलेले असावेत, अशा अटी असतात. मधुमेही व्यक्तीची साखर आठवडाभर हळूहळू चढत गेली आणि मग रुग्णालय गाठावे लागले, तर तो उद्रेक मानला जाण्याची शक्यता कमी. रक्तदाबाच्या रुग्णाला एकाएकी पक्षाघात झाला तर ती अधिक. शिवाय हा लाभ पुष्कळ योजनांत ७० किंवा ८० वर्षांनंतर बंद होतो, आणि वय वाढते तशी पॉलिसीची एकूण कमाल रक्कमही झपाट्याने कमी होते.

पॉलिसी घेताना ऑनलाइन अर्जात आजारांविषयी जवळजवळ काहीच विचारले जात नाही, म्हणून सर्व आजार मान्य झाले, हा निष्कर्ष तर थेट नुकसान करणारा आहे. या व्यवसायात प्रकृतीची छाननी बहुधा विक्रीच्या वेळी होत नाही, ती क्लेमच्या वेळी होते: विमा कंपनी मागील काही वर्षांची वैद्यकीय कागदपत्रे मागवते, त्यांत भारतातील डॉक्टरांच्या चिठ्ठ्याही येतात, आणि आजार पूर्वव्याधी आहे की नाही, हे तेव्हा ठरते. मुलांना काळजी नको म्हणून छातीतील दुखणे किंवा नव्याने सुरू झालेली गोळी न सांगणारे आईवडील विमा कंपनीपासून काही लपवू शकत नाहीत. योग्य योजना निवडण्याची मुलांची संधी मात्र त्यामुळे हुकते. हे संकोचाने राहून जाणारे बोलणे तिकीट काढण्यापूर्वीच व्हायला हवे.

रकमेविषयीचा घोळ योजनांच्या दोन प्रकारांमुळे होतो. निश्चित लाभाच्या योजनेत प्रत्येक सेवेसाठी, म्हणजे रुग्णालयाचा एक दिवस, एक शस्त्रक्रिया, डॉक्टरांची एक भेट यांसाठी, ठरावीक रक्कम मिळते आणि त्यावरील सर्व खर्च कुटुंबाचा असतो. त्यामुळे पॉलिसीवर लाख डॉलरचा आकडा छापलेला असला तरी मोठ्या आजारात त्याच्या जवळपासही पोहोचता येत नाही. सर्वसमावेशक योजनेत आधी डिडक्टिबल, म्हणजे विमाधारकाने स्वतः भरायची प्रारंभिक रक्कम, वजा होते आणि मग उरलेल्या पात्र खर्चाची विभागणी होते. समजा, नेटवर्कमधील, म्हणजे विमा कंपनीशी करार असलेल्या, रुग्णालयाचे पात्र बिल ४०,००० डॉलर आहे, डिडक्टिबल ५०० डॉलर आहे आणि पुढील ५,००० डॉलरांपैकी ८० टक्के व त्यानंतरचा सर्व खर्च कंपनी देते; अशा वेळी कुटुंबावर ५०० अधिक १,००० असे १,५०० डॉलर पडतात आणि उरलेले ३८,५०० कंपनी भरते. या योजनेचा प्रीमियम जास्त असतो, आणि परवडत असेल तर वृद्धांसाठी तीच घेणे शहाणपणाचे आहे.

भारतात घेतलेली पॉलिसी स्वस्त आणि म्हणून निकृष्ट, किंवा अमेरिकेत घेतलेली नेहमीच उत्तम, ही दोन्ही टोके सोडून द्यावीत. भारतीय कंपन्यांच्या कित्येक प्रवासविम्यांत ज्येष्ठांसाठी खोलीभाडे, अतिदक्षता विभाग, शस्त्रक्रिया अशा बाबींवर स्वतंत्र उपमर्यादा असतात, आणि पॉलिसी सहसा निघण्यापूर्वीच घ्यावी लागते. अमेरिकी योजना पोहोचल्यावरही घेता येतात, परंतु तोवर झालेला आजार त्यांत येत नाही. कॅशलेस या शब्दाचा भारतातील अर्थही तेथे जसाच्या तसा लागू होत नाही: रुग्णालय नेटवर्कमध्ये असले तरी ते बिल थेट विमा कंपनीकडे पाठवेलच असे नाही. ताप किंवा मुरगळलेला पाय यांसाठी आपत्कालीन विभागाऐवजी अर्जंट केअर केंद्रात गेल्यास खर्च बराच कमी होतो, आणि दाखल न होता केवळ आपत्कालीन विभागात उपचार घेतल्यास काही योजना वेगळी रक्कमही कापतात.

मुक्काम लांबला की पॉलिसीही पुढे वाढवता येईल, असे धरून सुरुवातीला कमी दिवसांची पॉलिसी घेणारी कुटुंबे बरीच आहेत. जुनी पॉलिसी संपण्यापूर्वी त्याच योजनेची मुदत वाढवली, तर तिच्या काळात उद्भवलेल्या आजाराचे संरक्षण सहसा चालू राहते. ती संपू देऊन नवी घेतली, तर दोन महिन्यांपूर्वी झालेला न्यूमोनियाही नव्या करारात पूर्वव्याधी ठरतो. परतीची तारीख अनिश्चित असेल तर पूर्ण संभाव्य मुक्कामाची पॉलिसी घेऊन लवकर परतल्यास उरलेल्या काळाचा प्रीमियम मागणे अधिक सुरक्षित असते, मात्र मधल्या काळात क्लेम केलेला असेल तर हा परतावा बहुधा मिळत नाही.