१६ कोटींच्या इंजेक्शनमागचा आजार: 'एसएमए' नेमका होतो कशामुळे?

असा मेसेज आपल्यापैकी अनेकांच्या मोबाईलवर कधी ना कधी आला असेल. नाकात नळी घातलेले लहानसे बाळ, खाली बँक खात्याचा नंबर आणि एक आकडा: १६ कोटी रुपये. आपण हळहळतो, जमेल तेवढी मदत करतो, मेसेज पुढे पाठवतो. पण हा आजार आहे तरी काय आणि तो त्याच बाळाला का झाला, हे फारसे कुणी सांगत नाही. जे बोलले जाते ते बहुतेक वेळा आईलाच ऐकवले जाते. ग्रहणात बाहेर गेली असेल, गरोदरपणात काहीतरी खाल्ले असेल, कुणाची नजर लागली असेल...

यातले एकही कारण खरे नाही. खरे कारण गेल्या ३० वर्षांत शास्त्रज्ञांनी अगदी अक्षरापर्यंत शोधून काढले आहे. तेच आज आपण समजून घेऊ.

आजार काय आहे?

एसएमए म्हणजे स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रॉफी. आपल्या पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूत काही खास पेशी असतात. हात हलव, मान उचल, श्वास घे, असे हुकूम त्या स्नायूंपर्यंत पोहोचवतात. त्यांना मोटर न्यूरॉन म्हणतात. एसएमएमध्ये या पेशी एकामागून एक मरतात. हुकूम येणे थांबले की स्नायू वाळत जातात.

सर्वांत गंभीर प्रकारात ६ महिन्यांच्या आतच लक्षणे दिसतात. असे बाळ आधाराशिवाय बसू शकत नाही आणि उपचार मिळाले नाहीत तर बहुतेकदा २ वर्षांच्या आत दगावते. काही मुले बसतात पण चालत नाहीत, तर काही चालायला लागतात आणि नंतर ताकद गमावतात. मेंदूची समज मात्र शाबूत असते. बाळ ओळखते, हसते, डोळ्यांनी आईचा पाठलाग करते. त्यामुळेच हा आजार पाहणाऱ्यालाही सहन होत नाही.

एका अक्षराची चूक

या आजाराचे वर्णन डॉक्टरांनी १८९० च्या दशकातच केले होते. कारण सापडायला मात्र शंभर वर्षे लागली. १९९५ मध्ये पॅरिसमध्ये ज्युडिथ मेल्की यांच्या पथकाने पाचव्या गुणसूत्रावरील जनुक शोधून काढले. त्याचे नाव एसएमएन-१.

जनुक म्हणजे एखादे प्रथिन कसे बनवायचे याची लिखित कृती. एसएमएन-१ ज्या प्रथिनाची कृती सांगते, ते शरीरातील प्रत्येक पेशीला लागते. पण ते कमी पडले की सर्वांत आधी मोटर न्यूरॉन कोलमडतात. एसएमएच्या सुमारे ९५ टक्के रुग्णांमध्ये या जनुकाचा एक महत्त्वाचा तुकडा, सातवा तुकडा, आईकडून आणि वडिलांकडून आलेल्या दोन्ही प्रतींमधून गायब असतो.

मग ही बाळे जन्माला तरी कशी येतात? कारण माणसाकडे याच जनुकाचे एक जुळे भावंड आहे, एसएमएन-२. दोघांची कृती जवळजवळ सारखीच आहे. फरक पडतो तो सातव्या तुकड्यातील एका अक्षरामुळे. जनुकांची भाषा चार अक्षरांची असते. एसएमएन-१ मध्ये जिथे 'सी' आहे, तिथे एसएमएन-२ मध्ये 'टी' आहे. बस, एवढेच!

पण या एका अक्षराने घोटाळा होतो. प्रथिन बनवण्याआधी पेशी जनुकाची नक्कल काढते आणि तिचे तुकडे जोडते. 'टी' दिसले की जोडणारी यंत्रणा बहुतेक वेळा सातवा तुकडा वगळूनच पुढे जाते. त्यामुळे दहापैकी साधारण एकच नक्कल पूर्ण बनते. बाकीच्यांपासून अपुरे प्रथिन तयार होते आणि ते लवकर नष्ट होते.

त्या दहाव्या हिश्शावरच बाळ जगत असते. एसएमएन-२ च्या प्रती कुणाकडे दोन असतात, कुणाकडे तीन किंवा चार. साधारणपणे प्रती जितक्या जास्त, तितका आजार सौम्य. एकाच आजाराचे एक मूल पाळण्यात दगावते आणि दुसरे शाळेत जाते, त्याचे मोठे कारण हे आहे.

दोष कुणाचा?

आता सासरच्यांच्या प्रश्नाकडे येऊ. हा आजार एकट्या आईकडून येत नाही. एक खराब प्रत आईची आणि एक वडिलांची, अशा दोन्ही मिळाल्या तरच मूल आजारी होते. एकच खराब प्रत असलेला माणूस ठणठणीत असतो. त्याला वाहक म्हणतात. साधारण ५० माणसांत एक वाहक असतो आणि त्याला त्याचा पत्ताही नसतो.

दोघे वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी होण्याची शक्यता चारात एक, फक्त वाहक होण्याची चारात दोन आणि पूर्ण मोकळे असण्याची चारात एक. पहिले मूल आजारी निघाले म्हणून पुढची तीन सुखरूप, असा हिशेब नसतो. दर वेळी चिठ्ठी नव्याने निघते.

नात्यातल्या लग्नांबद्दलही स्पष्ट बोलायला हवे. आपल्याकडे चाचा, मामू, खाला किंवा फुफीच्या मुलांशी निकाह होतात. महाराष्ट्रातील अनेक हिंदू समाजांतही मामाच्या मुलीशी लग्नाची रीत आहे. वाहकाने नात्याबाहेर लग्न केले तर जोडीदार वाहक असण्याची शक्यता ५० त १ असते. सख्ख्या चुलत, मामे, आते किंवा मावस भावंडाशी केले तर तीच खराब प्रत त्याच्याकडे असण्याची शक्यता ८ त १ होते. म्हणजे धोका वाढतो, हे खरे. पण एसएमए नात्याबाहेरच्या लग्नांतूनही होतो. म्हणून एखाद्या समाजाकडे बोट दाखवण्यात अर्थ नाही. तपासणी सर्वांसाठीच आहे.

औषध आहे, पण वेळ महत्त्वाची

कारण अक्षरापर्यंत कळले म्हणूनच औषधे बनली. अमेरिकेत २०१६ मध्ये नुसिनर्सेनला मान्यता मिळाली. पाठीच्या कण्यात दिले जाणारे हे इंजेक्शन एसएमएन-२ ला सातवा तुकडा वगळू देत नाही. २०१९ मध्ये झोल्जेन्स्मा आले, तेच ते १६ कोटींचे. त्यात निरुपद्रवी केलेल्या विषाणूच्या कवचातून एसएमएन-१ ची नवी प्रत पेशींपर्यंत पोहोचवली जाते. २०२० मध्ये तोंडाने घ्यायचे रिसडिप्लाम आले. तेही एसएमएन-२ कडून पूर्ण प्रथिन बनवून घेते.

भारतात याबाबत एक दिलासादायक गोष्ट घडली. रिसडिप्लामच्या एका बाटलीची किंमत सुमारे ६ लाख रुपये होती. मूळ कंपनीने पेटंटच्या आधारे स्वस्त औषधाला विरोध केला. पण २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने स्थगिती नाकारली आणि सर्वोच्च न्यायालयानेही हस्तक्षेप केला नाही. त्यानंतर नॅटको या भारतीय कंपनीने हेच औषध १५,९०० रुपयांना बाजारात आणण्याचे जाहीर केले.

तरीही एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. मेलेले मोटर न्यूरॉन कोणतेही औषध परत आणत नाही. उपचार जितका लवकर, तितके जास्त वाचते. म्हणून 'बाळ शांत आहे, उशिरा मान धरेल' असे म्हणत बसू नका. चार महिन्यांचे होऊनही मान सावरत नाही, अंग लुळे वाटते, पाय झाडत नाही, रडण्याचा आवाज क्षीण आहे, दूध पिताना दमते, श्वास घेताना पोट वर येते आणि छाती आत जाते, अशी लक्षणे दिसली तर लगेच बालरोगतज्ज्ञांकडे जा. रक्ताच्या जनुकीय तपासणीतून निदान होते. २०२१ च्या दुर्मिळ आजार धोरणानुसार निवडक केंद्रांतून ५० लाखांपर्यंत सरकारी मदतीची तरतूद आहे. मुंबईचे केईएम रुग्णालय हे त्यापैकी एक केंद्र आहे.

ज्या घरात असे मूल आहे किंवा पूर्वी दगावले आहे, तिथल्या आई-वडिलांच्या भावा-बहिणींनी आणि त्यांच्या मुलांनी निकाहाआधीच वाहक तपासणी करून घ्यावी. काही थोडे वाहक या तपासणीतून सुटतात, म्हणून अहवाल जनुकीय समुपदेशकाला दाखवावा. दोघे वाहक निघाले तर पुढच्या गरोदरपणात ११ व्या आठवड्यापासून गर्भाची तपासणी करता येते. त्यानंतरचा निर्णय त्या जोडप्याने डॉक्टरांशी आणि हवे तर आलिमांशी बोलून घ्यावा.

पुढच्या वेळी असा मेसेज आला तर मदत जरूर करा. सोबत हा लेखही पाठवा. त्या बाळाच्या आईला कुणी काही सुनावत असेल, तर निदान त्याला खरे कारण कळेल.