हाड गायब होतं, पण कॅल्शियममुळे नाही

एखाद्याचं हाड दर एक्स-रेत थोडं थोडं कमी होत गेलं आणि शेवटी दिसेनासंच झालं, असं सांगितलं की ऐकणाऱ्याचं पुढचं वाक्य ठरलेलं असतं: ‘कॅल्शियम कमी पडलं असणार.’ मग नाचणी, तीळ, दूध, सकाळचं कोवळं ऊन अशी यादी सुरू होते. हाड असं नाहीसं करणारा गोरहॅम-स्टाउट हा आजार इतका दुर्मिळ आहे, की जगभरच्या वैद्यकीय साहित्यात त्याचे काहीशेच रुग्ण नोंदलेले आहेत. त्याच्याबद्दलचा हा एक गैरसमज मात्र ज्याच्या त्याच्या तोंडी असतो. सुशिक्षितांच्या तर जास्तच.

पॅथॉलॉजीच्या प्रयोगशाळेत हाडाचा तुकडा आला, की तो लगेच कापता येत नाही. आधी तो आम्लात बुडवून ठेवतात, म्हणजे त्यातलं कॅल्शियम निघून जातं. एवढं झाल्यावर तुकडा नाहीसा होतो का? मुळीच नाही. आकार तोच राहतो, फक्त तो मऊ होतो आणि त्याचे पातळ काप घेता येतात. स्लाइडवर गुलाबी रंगात दिसतं ते हेच उरलेलं हाड, म्हणजे मुख्यतः कोलॅजनची चौकट. मुडदुसातही काहीशी अशीच अवस्था असते. चौकट असते, पण तिच्यात पुरेसे क्षार भरलेले नसतात. म्हणून मुडदुसात पाय वाकतात, पण मांडीचं हाड गायब होत नाही. गोरहॅम-स्टाउटमध्ये क्षारही जातात आणि चौकटही जाते, तीही एकाच भागातली. कॅल्शियमची कमतरता एकट्या खांद्याला किंवा जबड्याला निवडून गाठत नाही. या रुग्णांच्या रक्तातलं कॅल्शियम आणि फॉस्फरस तर बहुधा ठीकच निघतं.

मग हाडाच्या जागी काय येतं? सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तर हाडाच्या उरलेल्या पट्ट्यांमध्ये वेड्यावाकड्या पोकळ नळ्या पसरलेल्या दिसतात. त्यांची भिंत एका चपट्या पेशीइतकीच जाड असते. काही नळ्या रिकाम्या, काहींत फिकट गुलाबी द्रव. डी२-४० हा खास रंग दिला, की त्यांच्या भिंती तपकिरी उमटतात, म्हणजे त्या लसिकावाहिन्या असतात. हाडात लसिकावाहिन्या नसतातच, असं पाठ्यपुस्तकं वर्षानुवर्षं सांगत आली. निरोगी हाडातही त्या असल्याचं ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०२३ मध्ये ‘सेल’ या नियतकालिकात दाखवलं. पण या आजारात त्यांचं अक्षरशः रान माजतं आणि मोकळी झालेली जागा तंतुमय ऊती व्यापतात. एक्स-रेत हाडाचं टोक चोखलेल्या गोळीसारखं निमुळतं होत जातं.

हाड प्रत्यक्ष खातं कोण, यावर बरीच वर्षं वाद होता. गोरहॅम आणि स्टाउट यांनी १९५५ मध्ये २४ रुग्णांचा आढावा घेतला, तेव्हा हाड पोखरणाऱ्या ऑस्टिओक्लास्ट पेशींकडे त्यांनी बोट दाखवलं नाही. त्यांचा रोख वाढलेल्या रक्तपुरवठ्यावर होता. पुढच्या अभ्यासांत या पेशी बऱ्याच ठिकाणी वाढलेल्या आणि जास्त सक्रिय आढळल्या. म्हणूनच आज बिस्फॉस्फोनेट गटाची औषधं दिली जातात आणि वाहिन्यांची वाढ रोखायला सिरोलिमस.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. हा कॅन्सर नाही: पेशी विद्रूप नसतात आणि दूरच्या अवयवांत पसरत नाहीत. पण म्हणून तो निरुपद्रवीही नाही. बरगड्या किंवा मणके ग्रासले गेले आणि छातीत दुधाळ लसिकाद्रव साचला, तर जिवावर बेततं. आई-वडिलांकडून तो येत असल्याचा पुरावा नाही. हे नव्या जमान्याचं खूळही नव्हे. दंडाचं हाड नाहीसं झालेल्या माणसाची हकीकत बॉस्टनच्या वैद्यकीय साप्ताहिकात १८३८ मध्येच छापून आली आहे. आणि रोग कधीकधी आपोआप थांबतो हे खरं, पण गेलेलं हाड सहसा पूर्ववत होत नाही.

बायोप्सीबद्दल मात्र दोन्ही टोकांचे गैरसमज आहेत. सुई लागली की रोग अंगभर पसरतो, हे खोटं. पण बरगडीची बायोप्सी केल्यावर छातीत द्रव साचून तो आवरेनासा होऊ शकतो, म्हणून तिथे डॉक्टर हात आखडता घेतात, तेही योग्यच. दुसरीकडे, नुसत्या स्लाइडवरून या आजाराचं नाव सांगता येत नाही. रक्तवाहिन्यांच्या साध्या गाठीही बऱ्याचशा अशाच दिसतात. एक्स-रे आणि एमआरआय शेजारी ठेवावे लागतात आणि जंतुसंसर्ग, कॅन्सर वगळावे लागतात. आपल्याकडे सगळ्यात आधी हाडांचा टीबी.

म्हणून रिपोर्टमध्ये ‘वाहिन्यांची वाढ, कर्करोगाच्या पेशी नाहीत’ एवढंच लिहून आलं आणि हाड तरीही झिजतच असलं, तर ‘काही निघालं नाही’ म्हणून कागद कपाटात टाकू नका. स्लाइड आणि मेणातला ब्लॉक प्रयोगशाळेकडून मागून घ्या, जुने-नवे सगळे एक्स-रे जोडा आणि हाडांच्या गाठींवर नेहमी काम करणाऱ्या डॉक्टरांना दाखवा. दम लागत असेल, तर त्याच दिवशी.