उथळ पाण्याचा मोठा इतिहास

हंगेरीच्या पश्चिम भागातले बालातोन सरोवर ७७ किलोमीटर लांब आहे. सुमारे ५९० चौरस किलोमीटरचा हा विस्तार मध्य युरोपात सर्वांत मोठा मानला जातो, पण त्याची सरासरी खोली जेमतेम सव्वातीन मीटर. दक्षिण किनाऱ्यावर पाण्यात कितीतरी अंतर चालत गेले तरी पाणी कमरेच्या वर येत नाही. पोरे बिनघोर खेळत असतात. उन्हाळ्यात पाणी पंचवीस अंशांच्या पुढे तापते, आणि वारा सुटला की तेच पाणी बघता बघता खवळते. उथळ पाण्याला खळखळाट फार, हे इथे अक्षरशः खरे आहे. म्हणूनच १९३०च्या दशकापासून किनाऱ्यावर वादळाचे इशारे दिले जातात. आज दिवा मिनिटाला ४५ वेळा लुकलुकला तर सावध व्हायचे, ९० वेळा लुकलुकला तर पाण्याबाहेर यायचे.

समुद्र नसलेल्या या देशाला हे सरोवर समुद्राच्या जागी आहे. त्याच्या काठी दोनशे वर्षांत जी विश्रामनगरे वसली, ती बहुतेक प्रवासी वाडे, चर्च आणि द्राक्षमळे म्हणून पाहतात. मला मात्र त्यांच्याकडे पाहताना सारखे पाण्याकडे यावे लागले. कारण प्रत्येक गावाची भरभराट आणि पडझड ही माणसाने या उथळ पाण्याशी कसा व्यवहार केला, यावर ठरलेली दिसते.

सुरुवात उत्तर किनाऱ्यावरच्या बालातोनफ्युरेदपासून करावी. इथे लोहाची चव असलेले, बुडबुडे येणारे पाणी जमिनीतून वर येते, आणि अठराव्या शतकापासून रोगी ते पिण्यासाठी येत. झऱ्यावर खांबांचा मंडप आहे, समोर हृदयरोगाचे रुग्णालय. १८२५ साली होर्वात घराण्याने आपल्या वाड्यात अ‍ॅना नावाच्या मुलीसाठी नाचाची मेजवानी दिली. संत अ‍ॅनाच्या दिवसाच्या सुमारास, जुलैच्या अखेरीस, तो ‘अ‍ॅना बॉल’ आजही भरतो. त्या अ‍ॅनाने पुढे ज्याच्याशी लग्न केले तो एर्नो किश १८४८-४९च्या हंगेरीच्या स्वातंत्र्ययुद्धात सेनानी झाला आणि ६ ऑक्टोबर १८४९ रोजी आराद येथे मारल्या गेलेल्या तेरा सेनापतींपैकी एक ठरला. झगमगाटाच्या समारंभामागे ही कहाणी आहे, हे फ्युरेदला जाणाऱ्याने विसरू नये. १८३१ साली इथे हंगेरियन भाषेतील नाटकांसाठी दगडी नाट्यगृह उभे राहिले. औषधाचे पाणी पिण्यासाठी जमलेल्या सरदार मंडळींकडून वर्गणी घेऊन स्वभाषेची रंगभूमी उभारणे, हा त्या काळी राजकीय उद्योगच होता. कादंबरीकार मोर योकाई यांचा बंगलाही इथेच. १८७२च्या सुमारास त्यांची ‘सोन्याचा माणूस’ ही गाजलेली कादंबरी त्याच घरात लिहिली गेली.

भारतीय माणूस फ्युरेदला जातो तो मुख्यतः रवींद्रनाथ ठाकुरांसाठी. १९२६च्या युरोप दौऱ्यात बुडापेस्टमध्ये त्यांची प्रकृती बिघडली आणि डॉक्टरांनी त्यांना इथल्या हृदय-रुग्णालयात पाठवले. वय पासष्ट. बरे वाटू लागल्यावर ८ नोव्हेंबर १९२६ रोजी त्यांनी काठावर लिंडेनचे झाड लावले. त्यांच्या हस्ताक्षरातच छापलेल्या ‘लेखन’ या छोट्या कवितांच्या संग्रहाच्या प्रस्तावनेखाली याच गावाचे नाव आणि आदल्या दिवसाची तारीख आहे. त्यांच्यानंतर इंदिरा गांधींसह भारतातून गेलेल्या अनेक पाहुण्यांनी इथे झाडे लावली, नोबेल मिळालेल्या इटालियन कवी क्वासिमोदो यांनीही लावले, आणि किनाऱ्यावरच्या सावलीच्या रस्त्याला आज ठाकुरांचे नाव आहे. रुग्णाने बरे होऊन झाड लावायचे, ही प्रथा मला कुठल्याही पुतळ्यापेक्षा मोलाची वाटते.

पण भारताशी या काठाचे दुसरे नाते आहे, आणि ते आपल्याकडे कुणी फारसे सांगत नाही. लायोश लोत्सी हा भूगर्भशास्त्रज्ञ १८७७ ते १८८० या काळात बेला सेचेनी यांच्या मोहिमेबरोबर भारत आणि चीनमध्ये फिरला, सिक्कीमच्या हिमालयात खडक तपासत हिंडला. चीनमधल्या दुनह्वांगच्या लेण्यांचे वर्णन त्यानेच परत येऊन सांगितले. ते ऐकून ऑरेल स्टाइन, म्हणजे कल्हणाच्या ‘राजतरंगिणी’चे भाषांतर करणारे तेच स्टाइन, १९०७ साली तिकडे गेले. हिमालय पाहून आलेल्या या लोत्सीने पुढचे आयुष्य बालातोनला दिले. १८९१ साली त्याच्या पुढाकाराने बालातोन समिती स्थापन झाली आणि सरोवराचा तळ, वारा, मासे, वनस्पती, काठावरची माणसे या सगळ्यांवर जाडजूड खंडांची माला निघाली. एका सरोवराचा इतका सर्वांगीण अभ्यास त्या काळात जगात क्वचितच झाला असेल. लोत्सीचे दफन फ्युरेदलगतच्या अराच गावी झाले आहे. कबरीवर त्याच परिसरातला तांबडा वालुकाश्म उभा आहे.

बेला सेचेनींचे वडील इश्तवान सेचेनी. हंगेरीला आधुनिक करण्याचा ध्यास घेतलेला हा सरदार. १८४६ साली बालातोनवर ‘किश्फालुदी’ ही पहिली आगबोट सोडण्यामागे तेच होते. आगबोटीने दोन्ही काठ जोडले, पण सरोवर बदलले ते रेल्वेने. १८६१ साली बुडाहून निघालेला लोहमार्ग दक्षिण काठाने गेला. तो पाण्याला इतका लागून होता की लाटा भरावाला धडकू लागल्या. मग १८६३ साली शिओफोक येथे शिओ नदीच्या मुखाशी दरवाजे बसवून सरोवराची पातळी कायमची खाली आणली गेली. जिथे आधी पाणी आणि बोरू होते तिथे सपाट, वाळूची जमीन उघडी पडली. त्याच जमिनीवर दक्षिण काठाची सारी विश्रामनगरे उभी आहेत. शिओफोकचे स्नानगृह, बंगले, १९१२चा पाण्याचा मनोरा, सगळे त्या दरवाज्यांचे ऋणी. संगीतिकाकार एमेरिश कालमान १८८२ साली याच गावी जन्मले. उत्तर काठाला रेल्वे यायला १९०९ उजाडले, म्हणून तिकडचा जुना चेहरा जास्त टिकला.

तिहान्यचे द्वीपकल्प या दोन काठांच्या मधे सरोवरात घुसलेले आहे. तिथे १०५५ साली राजा आंद्राश पहिला याने मठ स्थापला. राजाचे थडगे तळघरात आहे. वरचे सोनेरी बरोक चर्च अठराव्या शतकातले. स्थापनेच्या लॅटिन सनदेत मधूनमधून हंगेरियन शब्द येतात, आणि मूळ प्रतीच्या रूपात टिकलेल्या दस्तऐवजात इतके जुने हंगेरियन लेखन दुसरे नाही. १९२१च्या ऑक्टोबरात शेवटचा हाब्सबुर्ग राजा कार्ल आणि राणी झिटा यांना देशाबाहेर पाठवण्याआधी याच मठात ठेवले होते. आता गर्दी येते ती जूनमधल्या लॅव्हेंडरच्या शेतांसाठी. गर्दी टाळायची तर मठामागच्या वाटेने आतल्या छोट्या तळ्याकडे उतरावे.

पश्चिम टोकाला केस्तहेय. फेश्तेतिच घराण्याचा वाडा १७४५ पासून बांधला गेला, पण माझ्या दृष्टीने त्याचे खरे वैभव म्हणजे ओकच्या लाकडात कोरलेले ग्रंथालय आणि ग्यॉर्ग फेश्तेतिच यांनी १७९७ साली काढलेले गेओर्गिकॉन हे शेतकी महाविद्यालय, युरोपातल्या अगदी पहिल्यांपैकी. शेजारच्या हेवीझचे ऊन पाण्याचे तळेही त्यांनीच लोकांसाठी सोयीचे केले. साडेचार हेक्टरांच्या आत-बाहेरचे हे तळे ३८ मीटर खोल आहे. तळातल्या झऱ्याचे पाणी इतक्या जोराने येते की सुमारे तीन दिवसांत सारे तळे नवे होते. हिवाळ्यात बाहेर बर्फ असताना लोक वाफेत पोहतात. तळ्यात तांबडी कुमुदिनी फुलते. ती आपल्या उपखंडातली आहे, १८९८ साली शांदोर लोवाशी या प्राध्यापकाने ती इथे रुजवली.

दुसऱ्या महायुद्धानंतर बंगले सरकारजमा झाले आणि त्यांत कामगार संघटनांची विश्रामगृहे आली. सरदारांचा किनारा गिरणीकामगाराच्या कुटुंबाला खुला झाला. बर्लिनची भिंत उभी राहिल्यावर दोन जर्मनींमधली ताटातूट झालेली कुटुंबे इथेच उन्हाळ्यात भेटत, कारण पूर्वेचा माणूस इतकाच लांब येऊ शकत होता. १९८९च्या उन्हाळ्यात झान्का येथील मुलांच्या शिबिराच्या इमारतींत पूर्व जर्मनीचे निर्वासित राहिले, आणि ११ सप्टेंबरला हंगेरीने ऑस्ट्रियाची सीमा त्यांच्यासाठी उघडली.

लोकप्रियतेच्या याच काळात सरोवर आजारी पडले. सरोवराला सर्वाधिक पाणी देणारी झाला नदी पूर्वी छोटा बालातोन या विस्तीर्ण दलदलीतून गाळून येत असे. ती दलदल शेतीसाठी निचरा करून कोरडी केली गेली होती. शेतांतली खते आणि गावांचे सांडपाणी थेट सरोवरात येऊ लागले आणि १९७०-८०च्या दशकांत केस्तहेयच्या आखातातले पाणी शेवाळाने हिरवे झाले. परकीय चलनासाठी सोडलेले ईल मासे १९९१ साली शेकडो टन मरून किनाऱ्याला लागले. उपाय मात्र लोत्सीच्या परंपरेतल्या अभ्यासातून निघाला. १९८५ पासून दलदल टप्प्याटप्प्याने पुन्हा पाण्याखाली आणली गेली, सांडपाणी सरोवराबाहेर वळवले, १९९० नंतर खतांचा वापरही घटला, आणि पाणी निवळले. पण लढाई संपलेली नाही. २०००-२००३च्या दुष्काळात पातळी चिंताजनक खाली गेली आणि २०१९ साली शेवाळ पुन्हा विक्रमी वाढले. काठावर अजून बंगले आणि धक्के उभे राहत आहेत, त्यासाठी बोरू तोडला जातो. हे थांबायलाच हवे. बोरू हा या पाण्याचा शेवटचा गाळणारा आहे.

बालातोनला जाणार असाल तर मे-जून किंवा सप्टेंबर निवडा. बुडापेस्टच्या देली स्थानकावरून दोन्ही काठांच्या गाड्या सुटतात, आणि सांतोद ते तिहान्य फेरीबोट काही मिनिटांत सरोवर ओलांडते. फ्युरेद, तिहान्य, केस्तहेय जरूर पाहा. पण एक पूर्ण दिवस छोट्या बालातोनसाठी राखून ठेवा. लाकडी पुलावरून कान्यावारी बेटावर जाता येते, मनोऱ्यावरून बगळ्यांचे थवे दिसतात, आणि जवळच्या कापोल्नापुस्ता येथे राष्ट्रीय उद्यानाने राखलेल्या म्हशी चिखलात डुंबत असतात. काठावरची सारी गावे ज्या पाण्यावर जगतात, ते पाणी आधी इथून गाळून जाते.